डोळ्यातला दाब वाढला की दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांचं नेमकं काय होतं?

ऑप्टो_तिसरं_वर्ष

अभ्यासात दोन विधानं शेजारी शेजारी येतात आणि त्यांचा मेळ बसत नाही.

एक : दृष्टिपटलाचा रक्तप्रवाह स्वयंनियंत्रित असतो, त्यामुळे डोळ्यातला दाब ३० मिमी पाऱ्याच्या आसपास जाईपर्यंत प्रवाह फारसा बदलत नाही. दोन : २४-२५ दाबाच्या डोळ्यांतही डिस्कच्या (दृष्टीचा मज्जातंतू डोळ्याबाहेर पडतो त्या चकतीच्या) कडेला रक्तस्राव होतो, मध्यवर्ती नीला बंद पडते, ओसीटी-ए वर (रक्तवाहिन्यांच्या स्कॅनवर) केशवाहिन्या विरळ दिसतात.

प्रवाह बदलतच नसेल तर हे नुकसान कुठून येतं? वाढलेला दाब रक्तवाहिन्यांना चहूबाजूंनी चेपतो असं समजायचं का? चेपत असेल तर आधी कोण दबतं, रोहिणी, नीला की केशवाहिन्या? आणि स्लिट लॅम्पवर (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर) यातलं काय दिसू शकतं? सूत्रं आणि आकडे चालतील, उलट हवेच आहेत.

रक्तप्रवाह

«चहूबाजूंनी चेपतो» हे चित्र आधी बाजूला ठेवा, सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

डोळ्यातला दाब आतल्या प्रत्येक रक्तवाहिनीवर बाहेरून सारखाच असतो, हे खरं. पण रक्तवाहिनी मिटते की उघडी राहते हे आतला दाब वजा बाहेरचा दाब यावर ठरतं. रोहिणीत आतला दाब भरपूर असतो, तिला १५ चे २५ झाले तरी मिटायचं कारण नाही. खरी अडचण बाहेर पडण्याच्या जागी आहे. डिस्कवर, डोळ्याबाहेर पडण्याच्या अगदी आधी, नीलेतला दाब सगळ्यात कमी असतो आणि तो डोळ्यातल्या दाबाच्या जेमतेम वर असतो. डोळ्यातला दाब वाढला की हाच शेवटचा तुकडा दबू लागतो. तो अरुंद झाला की मागे रक्त तुंबतं, नीलेतला दाब चढतो, आणि बाहेरच्या दाबाच्या किंचित वर गेला की वाट पुन्हा उघडते. म्हणजे पातळ रबरी नळीच्या तोंडाला बोटाने हलकं दाबून धरावं तसं हे तोंड काम करतं : नळी बंद पडत नाही, पण मागचा दाब बोटाच्या जोराइतका राहतो.

याचा परिणाम असा की डोळ्यातला दाब १० ने वाढला की नीलेतला दाबही साधारण १० ने वाढतो, आणि पाठोपाठ केशवाहिन्यांमधलाही. म्हणून केशवाहिन्या चपट्या होत नाहीत. कमी होतो तो रोहिणी आणि नीला यांच्यातला दाबाचा फरक, आणि रक्त पुढे ढकलणारा जोर तोच असतो.

त्याचं नेहमीचं सूत्र : सरासरी रक्तदाबाच्या दोन तृतीयांश, वजा डोळ्यातला दाब. सरासरी रक्तदाब म्हणजे खालचा आकडा अधिक दोन्ही आकड्यांतल्या फरकाचा एक तृतीयांश. १२०/८० असेल तर सरासरी ९३, त्याच्या दोन तृतीयांश ६२. डोळ्यातला दाब १५ असेल तर हाती उरतात ४७. दाब २५ झाला तर ३७.

दोन तृतीयांश का घ्यायचे? आपण दाब दंडावर, हृदयाच्या पातळीला मोजतो. बसलेल्या माणसाचा डोळा त्याहून बराच वर असतो आणि मधल्या वाटेतही दाब घटतो. आडवं झाल्यावर हा गुणक लागू पडत नाही. तेव्हा ११५/१३०, म्हणजे सुमारे ०.८८ घेतात. ही चूक फार ठिकाणी दिसते : झोपेतल्या रक्तदाबाला बसलेल्या माणसाचा गुणक लावून भलतेच घाबरवणारे आकडे काढले जातात.

आता स्वयंनियंत्रण. जोर ४७ वरून ३७ वर आला, म्हणजे सुमारे २१ टक्के घट. प्रवाह तेवढाच ठेवायचा तर अडथळाही तेवढाच कमी व्हायला हवा. अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे लहान रोहिण्या फक्त ६ टक्के रुंदावल्या तरी काम भागतं. १०० मायक्रॉनची रोहिणी १०६ मायक्रॉन. (सगळीकडे सारखीच रुंदावली असं धरलं आहे. प्रत्यक्षात जास्त भार सगळ्यात बारीक रोहिण्यांवर पडतो.) एवढा फरक डोळ्याने कधीच दिसणार नाही, म्हणून «दाब २५ आहे पण रक्तवाहिन्या नॉर्मल दिसतात» या निरीक्षणातून काहीच सिद्ध होत नाही.

हे रुंदावणं कोण घडवतं? लॅमिना क्रिब्रोसाच्या (डिस्कमधल्या, तंतू बाहेर नेणाऱ्या जाळीच्या) पुढे दृष्टिपटलातल्या रक्तवाहिन्यांना स्वायत्त मज्जातंतूंचा पुरवठा नाही. सगळा कारभार स्थानिक आहे : भिंतीतल्या स्नायूंवरचा ताण, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड, अस्तरातून सुटणारं नायट्रिक ऑक्साइड, आणि उलट बाजूला आकुंचन करणारं एन्डोथेलिन. वय, जुना उच्च रक्तदाब, मधुमेह यांनी भिंत ताठ झाली किंवा अस्तर बिघडलं की हे ६ टक्केही जमत नाहीत. तुमच्या पुस्तकातला «३० पर्यंत काही होत नाही» हा आकडा निरोगी डोळ्यांवर, थोडा वेळ दाब वाढवून काढलेला आहे. वर्षानुवर्षं २५ वर राहणाऱ्या डोळ्याला तो जसाच्या तसा लावता येत नाही.

आणखी एक. कोरॉइड (दृष्टिपटलामागचा रक्तवाहिन्यांचा थर) हा वेगळा संसार आहे. डोळ्यात येणाऱ्या रक्ताचा मोठा वाटा, सुमारे ८५ टक्के, तिकडे जातो. दृष्टिपटलाच्या वाट्याला ५ टक्क्यांच्या आसपास येतं. कोरॉइडला मज्जातंतू आहेत, पण त्याचं स्वयंनियंत्रण दृष्टिपटलाच्या मानाने कच्चं आहे. शंकू-दंडपेशी कोरॉइडवर जगतात. गँग्लियन पेशी आणि त्यांचे तंतू मध्यवर्ती रोहिणीवर. काचबिंदूत मरतात त्या गँग्लियन पेशी.

भिंग९०

वरचं वाचून मगच भिंग हातात घ्यावं, इतकं ते कामाचं आहे. मी फक्त दिसण्या-मोजण्याचं लिहितो.

डिस्कवर पहिल्यांदा नीलेचं स्पंदन बघा. मध्यवर्ती नीला आत शिरते त्या जागी, नाडीच्या तालावर ती किंचित बारीक-जाड होते. निरोगी लोकांपैकी बहुतेकांत ते दिसतं. दिसत नसेल तर पापणीवरून बोटाने अगदी हलका दाब द्या, लगेच दिसू लागेल. वर सांगितलेलं «तोंड» ते हेच. मागच्या बाजूला मेंदूभोवतालच्या द्रवाचा दाब असतो, म्हणून तो दाब वाढला की हे स्पंदन नाहीसं होतं. पण स्पंदन नाही म्हणजे मेंदूचा दाब वाढलाच, असं उलट वाचू नका, कारण काही निरोगी लोकांत ते मुळातच दिसत नाही. ते आहे, ही नोंद जास्त मोलाची. काचबिंदूच्या डोळ्यांत ते आपोआप दिसण्याचं प्रमाण कमी असतं.

रोहिणीचं स्पंदन ही मात्र कधीच साधी गोष्ट नाही. डोळ्यातला दाब रोहिणीच्या खालच्या दाबाच्या वर गेला की प्रत्येक ठोक्यामध्ये ती क्षणभर मिटते आणि भरते. अर्थ दोनच : डोळ्यातला दाब फार चढलाय किंवा रोहिणीतला दाब फार उतरलाय. दाब ५०-६० असेल तर पहिलं. दाब १४ असून रोहिणी उडताना दिसली तर मानेतल्या कॅरोटिडचा डॉपलर आणि हृदयाची तपासणी सुचवा, महाधमनीची झडप गळत असली तरी असं दिसतं.

जुनाट काचबिंदूत रक्तवाहिन्यांची जी चिन्हं शिकवतात, म्हणजे नाकाच्या बाजूला सरकलेल्या वाहिन्या, कडेवर संगिनीसारखं वळण, कपाच्या (डिस्कमधल्या खोलगट भागाच्या) काठापासून सुटी पडलेली वाहिनी, ती सगळी डिस्कचं ऊतक झिजल्याची आहेत. वाहिनी आधी जिथे टेकलेली होती तो आधार गेलेला असतो. रक्तप्रवाहाबद्दल ती काही सांगत नाहीत.

मोजणीबद्दल. गोल्डमन टोनोमीटर ३.०६ मिमी व्यासाचा गोल चपटा करतो आणि कॉर्निया सुमारे ५२० मायक्रॉन जाड आहे असं धरून चालतो. पातळ कॉर्नियात खरा दाब वाचनापेक्षा जास्त असू शकतो, जाड कॉर्नियात कमी. मायक्रॉनवरून दाब दुरुस्त करणारे तक्ते फिरतात, ते एकेका रुग्णाला लावण्याइतके भरवशाचे नाहीत; जाडी लिहून ठेवा आणि दोन्ही आकडे सोबत वाचा. घट्ट कॉलर, रोखून धरलेला श्वास, मिटू पाहणाऱ्या पापण्या, पापणी उघडताना आपल्याच बोटाचा बुबुळावर पडलेला दाब, यातलं काहीही वाचन वर नेतं. फ्लुरोसीनच्या कडा जाड असतील तर वाचन जास्त येतं, अगदी बारीक असतील तर कमी. आणि वाचनाशेजारी वेळ लिहा. वेळेशिवाय दाब ही अर्धी नोंद आहे.

ऑप्टो_तिसरं_वर्ष

दोघांचेही आभार. नीलेच्या तोंडाचं समजलं आणि सूत्रातला आडव्या माणसाचा गुणक पहिल्यांदाच कळला. पण मग डिस्कवरचा रक्तस्राव कशाने? आणि ओसीटी-ए वरची विरळ घनता ही कारण धरायची की परिणाम?

कोन_आणि_कप

डिस्कवरचा रक्तस्राव हा «दाबाने वाहिनी फुटली» असा प्रकार नाही. तसं असतं तर ज्यांचा दाब सर्वांत जास्त त्यांच्यात तो सर्वांत जास्त दिसला असता. प्रत्यक्षात तो नॉर्मल दाबाच्या काचबिंदूत अधिक दिसतो. सर्वांत पटणारं स्पष्टीकरण यांत्रिक आहे : लॅमिना क्रिब्रोसाची जाळी मागे झुकते, कडेचं ऊतक सुटतं, आणि त्यातून जाणाऱ्या केशवाहिन्या ताणून फाटतात. दाब जाळीला वाकवतो, जाळी वाहिनीला. जाळी किती वाकेल हे पुढचा दाब आणि मागच्या द्रवाचा दाब यांच्या फरकावर आणि जाळीच्या स्वतःच्या ताठपणावर ठरतं, म्हणून १६ दाबाचा डोळाही सुटत नाही.

दिसतो कसा : ज्योतीसारखी किंवा काडीसारखी बारीक लाल रेघ, डिस्कची कड ओलांडून तंतूंच्या दिशेने गेलेली, बहुतेकदा खालच्या कानाकडच्या बाजूला. काही आठवडे ते काही महिने टिकते आणि मागमूस न ठेवता जाते. त्यामुळे निसटते फार. ऑक्युलर हायपरटेन्शन ट्रीटमेंट स्टडीत जे रक्तस्राव सापडले त्यातले ८४ टक्के फक्त फोटो वाचणाऱ्यांना दिसले होते, तपासणीत नाही. प्रशिक्षित डोळ्यांची ही गत आहे. म्हणून दर भेटीला डिस्कचा फोटो घ्या, खालची-बाहेरची कड मोठी करून बघा, आणि त्याच जागेचा ओसीटीवरचा (थर मोजणाऱ्या स्कॅनवरचा) तंतूंचा थर आणि दृष्टिक्षेत्र पुढच्या भेटीत जुळवून पाहा. रक्तस्राव दिसला की काचबिंदू पुढे सरकतोय असं धरून दाबाचं लक्ष्य पुन्हा ठरवतात. मात्र मधुमेह, नुकतंच सुटलेलं मागचं व्हिट्रिअस (डोळ्यातला जेलीसारखा भाग) आणि नीलेचा अडथळा आधी वगळा, तिन्हींत असाच ठिपका दिसू शकतो.

मध्यवर्ती नीला बंद पडण्याची जागाही तीच जाळी. तिथे रोहिणी आणि नीला एकाच आवरणात, अरुंद भोकातून जातात. रोहिणी जाड-ताठ झाली की नीलेला जागा उरत नाही. त्यात जाळी वाकलेली, वरून बाहेर पडतानाचा दाब कमी. रक्त मंदावतं, अस्तर बिघडतं, गुठळी धरते. त्यामुळे एका डोळ्यात मध्यवर्ती नीला बंद झालेली दिसली की दुसऱ्या डोळ्याचा दाब आणि डिस्क न पाहता रुग्णाला सोडू नये. नीलेच्या फांदीचा अडथळा वेगळा. तो रोहिणी नीलेला ओलांडते तिथे होतो आणि त्यामागे मुख्यतः उच्च रक्तदाब असतो.

उलटा रस्ताही लक्षात असू द्या. नीला बंद पडून दृष्टिपटल उपाशी राहिलं तर व्हीईजीएफ (वाहिन्या उगवायला लावणारं प्रथिन) वाढतं, परितारिकेवर आणि कोनात (डोळ्यातला द्रव बाहेर जातो त्या फटीत) नव्या वाहिन्या उगवतात, कोन बंद होतो, आणि दाब ४०-५० वर जातो. हे बहुधा पहिल्या काही महिन्यांत होतं. तेव्हा दर महिन्याला, बाहुली मोठी करणारे थेंब टाकण्यापूर्वी, बाहुलीची कड आणि कोन बघायचा. थेंब टाकल्यावर कडेच्या बारीक वाहिन्या घडीत लपतात.

ओसीटी-ए : तिथे दिसते ती हलणाऱ्या रक्ताची सावली, प्रवाहाचा वेग ते दाखवत नाही. ठरावीक वेगाखाली रक्त गेलं की जिवंत वाहिनीही चित्रातून गायब होते. डिस्कभोवतीची घनता काचबिंदूत कमी असते यात वाद नाही. पण तंतू मेले की त्यांची रक्ताची गरज संपते आणि केशवाहिन्याही ओसरतात, त्यामुळे एका चित्रावरून कारण-परिणाम ठरवता येत नाही. माझं मत : एका डोळ्यात दोन्ही प्रक्रिया चालू असतात, आणि प्रगत काचबिंदूत जिथे तंतूंचा थर आणखी पातळ होऊन दाखवायचं थांबतो तिथे ओसीटी-ए खरा उपयोगी पडतो. सिग्नल कमी असेल, डोळा हलला असेल, मोतीबिंदू असेल तर घनता खोटीच घटते. आकडा वाचण्याआधी चित्र बघा.

आता ज्या मुद्द्यासाठी लिहायला बसलो तो : दिवसा १७-१८ दाब, तरी नुकसान चालू, अशा डोळ्याची रात्र बघा. आडवं झाल्यावर डोळ्यातला दाब २ ते ४ ने वाढतो. झोपेत रक्तदाब १० ते २० टक्के उतरणं स्वाभाविक आहे. वर सांगितलेल्या ०.८८ ने हिशोब करा : झोपेत १०८/७० आणि डोळा २१ असेल तर हाती सुमारे ५२, म्हणजे दिवसापेक्षा चांगलं. तोच रक्तदाब रात्रीच्या गोळीने ९०/५० वर आला आणि डोळा २१ वरच असेल तर सुमारे ३५. आडवं होण्याने जे मिळालं होतं ते सगळं गेलं. बाल्टिमोर आय सर्व्हेत खालचा रक्तदाब वजा डोळ्यातला दाब ३० पेक्षा कमी असलेल्यांत उघड्या कोनाचा काचबिंदू आढळण्याचं प्रमाण सुमारे सहा पट होतं.

थेंब निवडतानाही हे धरा. टिमोलॉल द्रव तयार होणं कमी करतं, पण झोपेत ते मुळातच निम्म्यावर आलेलं असतं, म्हणून रात्री त्याचा उपयोग फार कमी. शिवाय ते रक्तात जाऊन नाडी आणि रक्तदाब उतरवू शकतं. दम्याच्या रुग्णाला तर ते नकोच. प्रोस्टाग्लँडिन गटाचे थेंब दिवसरात्र काम करतात.

आणि दाब उतरवण्याने फायदा होतो का, तर होतो. अर्ली मॅनिफेस्ट ग्लॉकोमा ट्रायलमध्ये सुरुवातीच्या दाबातून उतरलेल्या दर १ मिमीमागे काचबिंदू पुढे सरकण्याची जोखीम सुमारे १० टक्क्यांनी घटली. रक्तप्रवाह वाढवायच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या कुठल्याही कॅप्सूलच्या मागे असा पुरावा उभा नाही.

पार्स_प्लाना

हळूहळू वाढणाऱ्या दाबाचं झालं. अचानक बदलांचं राहिलंय, आणि तिथे स्वयंनियंत्रणाला वेळच मिळत नाही.

व्हिट्रिअसमधलं इंजेक्शन : ०.०५ मिली औषध बंद डोळ्यात शिरतं आणि दाब त्याच मिनिटाला ४० च्या वर जाऊ शकतो. बहुतेक डोळ्यांत अर्ध्या ते एका तासात तो खाली येतो. सुई काढल्यावर लगेच बोटं मोजायला सांगा. बोटं दिसली की मध्यवर्ती रोहिणी चालू आहे. हात हलतानाही दिसत नसेल तर डिस्क बघा, आणि प्रकाशही कळत नसेल तर वाट न बघता पुढच्या कप्प्यातून थोडा द्रव काढा. माकडांवरच्या प्रयोगांत मध्यवर्ती रोहिणी ९७ मिनिटं बंद ठेवली तरी दृष्टिपटल सावरलं, २४० मिनिटांनंतर नुकसान कायमचं झालं. मिनिटं हाताशी असतात, पण ती उधळायची नसतात.

कोन अचानक बंद होणं : दाब ५५, रक्तदाब १२०/८०, हिशोब ६२ वजा ५५, उरले ७. इथे सगळ्यात आधी परितारिकेचा स्नायू उपाशी पडतो. म्हणूनच दाब ४०-५० च्या वर असताना पायलोकार्पिन (बाहुली आकसवणारे थेंब) कितीही टाका, बाहुली आकसत नाही. आधी अ‍ॅसिटाझोलामाइड ५०० मिग्रॅ, टिमोलॉल, गरज पडली तर मॅनिटॉल. दाब उतरला की पायलोकार्पिन, मग लेसरने छिद्र. अ‍ॅसिटाझोलामाइडआधी सल्फाची अ‍ॅलर्जी आणि मूत्रपिंड विचारा, मॅनिटॉलआधी हृदय आणि मूत्रपिंड.

आणि यातला शेवटचा, विसरला जाणारा प्रकार : दाब फार झपाट्याने उतरवणं. बराच काळ ४५ वर राहिलेल्या डोळ्यात रोहिण्या पूर्ण रुंदावलेल्या असतात. शस्त्रक्रियेत तो एकदम ८ वर आला की बाहेरचा आधार गेला आणि आतला जोर तिप्पट झाला. केशवाहिन्या ठिकठिकाणी गळतात, दृष्टिपटलावर विखुरलेले रक्तस्राव दिसतात, काहींच्या मध्यभागी पांढरा ठिपका असतो. बहुतेक आपोआप ओसरतात. मॅक्युलावर पडला तर नजर काही काळ जाते. म्हणून शस्त्रक्रियेआधी औषधांनी दाब खाली आणायचा आणि पुढच्या कप्प्यातला द्रव टप्प्याटप्प्याने सोडायचा.

ऑप्टो_तिसरं_वर्ष

रात्रीच्या मुद्द्यावर एकच विचारतो. फिजिशियनला चिठ्ठी लिहायची तर त्यात नेमकं काय मागायचं?

कोन_आणि_कप

२४ तासांचा रक्तदाब आलेख मागा : दिवसा दर १५ ते ३० मिनिटांनी, झोपेत दर ३० ते ६० मिनिटांनी वाचन. पट्टा फुगताना झोप मोडली तर उतार खोटा कमी दिसतो, म्हणून झोप कशी लागली हेही विचारून घ्या. चिठ्ठीत डोळ्यातला दाब, तो मोजल्याची वेळ, दृष्टिक्षेत्र बिघडतंय की स्थिर आहे, आणि कुठले थेंब चालू आहेत ते लिहा. बीटा-ब्लॉकर थेंब (टिमोलॉलसारखे) असतील तर ते ठळक, कारण गोळ्यांच्या यादीत ते कुणी धरत नाही. मागणी एवढीच करा : रात्रीचा उतार २० टक्क्यांच्या वर असेल तर झोपण्यापूर्वीची गोळी सकाळी हलवता येईल का. रुग्णाला मात्र बजावून सांगा की रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करायची नाही किंवा तिची वेळ बदलायची नाही, वाढलेला रक्तदाब याच रोहिण्या ताठ करतो. आणि आलेखाच्या दिवशी प्रत्येक गोळी किती वाजता घेतली ते त्याच कागदावर लिहून घ्या, नाहीतर उतार कुठल्या गोळीचा हे फिजिशियनला कळायला मार्ग उरत नाही.